डावे, उजवे की आणखी कुठे? आपली राजकीय जागा आपण कशी ठरवतो

तिसरा_काठ

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने 'पॉलिटिकल कंपास' ही चाचणी पाठवली. २००१ पासून ती इंटरनेटवर आहे, इथल्या बऱ्याच जणांनी सोडवलीही असेल. आडव्या रेषेवर आर्थिक मतं, उभ्या रेषेवर सत्तेचा धाक किती मान्य आहे ते, आणि शेवटी चार चौकोनांपैकी एकात आपला ठिपका. मी ती चार दिवसांच्या अंतराने दोनदा सोडवली आणि ठिपका दोन वेगळ्या चौकोनांत पडला. मतं बदलली नव्हती. दुसऱ्या वेळी आदल्या रात्रीच्या बातम्या डोक्यात होत्या आणि 'सहमत'ऐवजी 'पूर्ण सहमत'वर बोट जात होतं, एवढंच.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की आपण स्वतःला डावे, उजवे, उदारमतवादी म्हणतो ते नेमकं कशावरून?

या शब्दांचा जन्म सगळ्यांना माहीत आहे. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रसभेत राजाला ठराव रोखण्याचा अधिकार असावा का, यावर वाद पेटला. राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, विरोधक डाव्या हाताला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पहिला प्रश्न कराचा किंवा बाजाराचा नव्हताच. शेवटचा शब्द कोणाचा, हा होता. पुढे त्याच दोन बाकांवर मालमत्ता, मजुरी, कारखाने, धर्म असे नवे प्रश्न येऊन बसत गेले आणि माणसं इकडची तिकडे झाली. फ्रेडरिक बास्तिया हा मुक्त व्यापाराचा कट्टर पुरस्कर्ता १८४८ नंतरच्या फ्रेंच सभेत डावीकडे बसायचा. आज त्याला कोणी डावा म्हणेल का? 'लिबरल' शब्दाचंही तेच. अमेरिकेत तो सरकारने जास्त हात घालावा म्हणणाऱ्याला लागतो, युरोपात बऱ्याच ठिकाणी सरकारने हात आखडावा म्हणणाऱ्याला.

म्हणून शब्द बाजूला ठेवून बघू या. स्वातंत्र्य, समता, सुरक्षितता, परंपरा यांतलं काहीच नको असा माणूस मला भेटलेला नाही. प्रश्न येतो तो यांतल्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हा. तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांनी १९५८ च्या ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात हे फार स्वच्छ मांडलं होतं: सगळी चांगली मूल्यं एकत्र नांदतीलच असं नाही, निवड करावी लागते आणि निवडीत काहीतरी खरोखर गमावलं जातं. आपण काय गमवायला तयार आहोत, तिथे आपली राजकीय जागा दिसते असं मला वाटतं.

तीन प्रश्न टाकतो. अनोळखी माणसाच्या मुलाच्या शिक्षणासाठी आणि औषधासाठी तुमच्या कमाईतला किती वाटा सक्तीने घेतलेला चालेल, आणि कुठे 'बस' म्हणाल? एखाद्या समाजातल्या बहुतेकांना प्रिय असलेली रूढी त्याच समाजातल्या काहींना इजा करत असेल, तर समाज तयार नसताना कायद्याने ती बंद करावी का? आणि तिसरा: निवडून आलेल्या बहुमताचा एक निर्णय न्यायालयाने रोखला, निर्णय तुम्हाला पसंत होता, तरी रोखणं योग्य वाटतं का?

माझं आधी सांगतो. पहिल्याला मी बराच वाटा द्यायला तयार आहे, दुसऱ्याला 'हो, पण फार जपून', तिसऱ्याला 'हो'. यावरून मी सामाजिक लोकशाहीवादी, म्हणजे लोकशाहीत राहूनच करांतून सगळ्यांना आधार द्यावा म्हणणारा, ठरेन बहुतेक. दुसऱ्या उत्तरातला तो 'पण' मला स्वतःलाच छळतो.

एक विनंती: आजच्या पक्षांची आणि नेत्यांची नावं नकोत. ती आली की पाचव्या प्रतिसादात धागा संपतो.

नीलकंठी

विषय आवडला. मी सुट्या भागांचा छोटा कारखाना चालवते, अकरा माणसं कामाला. मी स्वतःला अभिजात उदारमतवादी म्हणवते, म्हणजे सरकारची सत्ता मर्यादित हवी म्हणणाऱ्या लॉक, ॲडम स्मिथ यांच्या घराण्यातली. हे पुस्तकातून आलेलं नाही. एका परवान्याच्या नूतनीकरणासाठी मी एका कचेरीत सात महिने खेटे घातले. प्रत्येक खेपेला नवा कागद. तिथला माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या एका सहीवर अकरा घरांच्या चुली अवलंबून होत्या आणि सही न केल्याबद्दल त्याला कोणी काही विचारणार नव्हतं. सत्ता म्हणजे काय ते मला त्या बाकड्यावर कळलं.

त्यामुळे पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: थोडा वाटा, ठरलेला, आणि तो कशावर खर्च होतो ते मला दिसलं पाहिजे. 'अजिबात नको' मात्र मी म्हणणार नाही. अर्थतज्ज्ञ हायेकना लोक सरकारच्या प्रत्येक कामाचे शत्रू समजतात, पण त्यांनीच १९४४ साली लिहून ठेवलंय की सुखवस्तू समाजात प्रत्येकाला अन्न, निवारा, वस्त्र यांची किमान हमी देणं स्वातंत्र्याच्या आड येत नाही. त्यांचा विरोध होता तो एका मध्यवर्ती कचेरीने सगळ्यांची उद्दिष्टं ठरवण्याला. कोणाला काय हवंय याची माहिती लाखो लोकांत विखुरलेली असते आणि ती एका टेबलावर गोळा होऊच शकत नाही, हा त्यांचा मुद्दा मी रोज धंद्यात अनुभवते.

रानफूल

नीलकंठीताई, तुमचा बाकड्यावरचा अनुभव मला समजतो. माझा दुसरीकडचा सांगते. मी परिचारिका आहे. आधी एका खाजगी रुग्णालयात होते. तिथे सलग दोन पाळ्या करायला नकार दिल्यावर पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणाले. तिथेही एकाच माणसाची सही होती आणि त्यालाही कोणी विचारणार नव्हतं. तुम्हाला सत्ता कचेरीत दिसली, मला नोकरीच्या कागदात. म्हणून मी समाजवादाकडे झुकते. बाजारात दोघे समान पातळीवर सौदा करतात हे गृहीतच मला पटत नाही. एकाला आज संध्याकाळी पैसे हवे असतात, दुसरा सहा महिने थांबू शकतो.

पण तिसरा_काठ म्हणताहेत ते खरं आहे, गोष्टी खणात बसत नाहीत. देशभरातल्या कामगारांना सक्तीचा आजारविमा पहिल्यांदा कोणी दिला? जर्मनीचा चान्सलर बिस्मार्कने, १८८३ साली. पाठोपाठ १८८४ ला अपघातविमा, १८८९ ला वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन. हाच बिस्मार्क १८७८ पासून समाजवाद्यांच्या सभा आणि वृत्तपत्रं कायद्याने बंद करत होता. कामगार समाजवाद्यांकडे जाऊ नयेत म्हणून त्याने त्यांचीच मागणी उचलली. ब्रिटनमध्ये १९४२ चा सामाजिक सुरक्षेवरचा प्रसिद्ध अहवाल लिहिणारे बेव्हरिज हे लिबरल होते आणि त्यातली राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ साली उभी केली मजूर पक्षाच्या सरकारने. मग आजारी माणसाला औषध मिळावं ही विचारसरणी कोणाची? माझ्या वॉर्डात झोपलेल्या माणसाला त्याने काहीच फरक पडत नाही. मला मात्र पडतो, कारण बिस्मार्कने विमा दिला आणि तोंड बंद केलं. मला विमा हवा आणि तोंडही उघडं हवं.

पाणवठा

मी २३ वर्षांचा. खरं सांगू का, मला यातलं काहीच लागू होत नाही. काही मतं डावी, काही उजवी. समलिंगी विवाहाला पाठिंबा, शस्त्रसज्ज देशालाही पाठिंबा, कर कमी हवेत, रेल्वे सरकारी हवी. मित्र म्हणतात तुझं काही ठरलेलंच नाही. मग माझी विचारसरणीच नाही असं म्हणायचं का?

तिसरा_काठ

पाणवठा, तुम्ही एकटे नाही आहात. फिलिप कॉन्व्हर्स या अमेरिकन अभ्यासकाने १९६४ मध्ये हेच दाखवलं होतं. त्याने त्याच त्याच मतदारांना १९५६, १९५८ आणि १९६० साली विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तपासली. एका मतावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येईल अशी घट्ट विचारसरणी फार थोड्यांकडे होती, आणि बऱ्याच जणांची तर त्याच प्रश्नावरची उत्तरंही दोन वर्षांत इकडची तिकडे झाली होती. पुढे १९६७ मध्ये फ्री आणि कॅन्ट्रिल या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. तत्त्व म्हणून विचारलं की पुष्कळ अमेरिकन 'सरकार लहान हवं' म्हणत, आणि एकेक योजना घेऊन विचारलं की तेच लोक तिला पाठिंबा देत. नाव एक, काम दुसरं.

तुमच्या यादीत मला विसंगती दिसत नाही. रेल्वे सरकारी का हवी, ते सांगाल? कारणात जागा सापडेल कदाचित.

जुना_वाचक

इतिहास शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली. इथे माझ्या बाजूने अजून कोणी बोललेलं दिसत नाही, म्हणून लिहितो. मी परंपरावादी आहे. 'पुराणमतवादी' म्हणालात तरी हरकत नाही, पण त्या शब्दाने माणूस ऐकून घेण्याआधीच बाद होतो.

परंपरावाद म्हणजे जुनं ते सोनं नव्हे. ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क घ्या. १७९० मध्ये फ्रेंच क्रांतीवर तुटून पडणारा हा माणूस त्याआधी अमेरिकन वसाहतींच्या तक्रारींची बाजू घेत होता, आणि बंगालमधल्या कारभारासाठी वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवण्यात त्याने आयुष्याची कित्येक वर्षं घातली. १७८८ ला खटला उभा राहिला, १७९५ ला हेस्टिंग्ज सुटला. वरवर पाहता हे सगळं एकमेकांशी जुळत नाही. पण बर्कच्या मनात एकच धागा होता. समाजाची घडी पिढ्यानपिढ्या बसत आलेली असते, ती पूर्णपणे कोणालाच समजलेली नसते, आणि म्हणून ती बाहेरून किंवा वरून उसकटणारा मग राजा असो, कंपनी असो की क्रांतिकारक, त्याला त्याने विरोध केला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला म्हणूनच माझं उत्तर 'नाही' असं आहे. किंवा 'शक्यतो नाही'. समाज आतून बदलला नाही तर कायदा कागदावर राहतो आणि रूढी दाराआड जाते. तिथे ती जास्त घातक होते. वर्गात असे प्रसंग पाहिले आहेत. शिक्षा जाहीर केली की गुन्हा थांबत नाही, लपतो.

अमलताश

सर, तुमचं लेखन नेहमी आदराने वाचते, पण इथे थांबवल्याशिवाय राहवत नाही.

हा वाद आपल्या भाषेत एकदा संपूर्ण होऊन गेला आहे. १८९१ चा संमतिवयाचा कायदा. मुलीशी शरीरसंबंधाच्या वयाची मर्यादा दहा वर्षांवरून बारा करायची होती, एवढंच. टिळकांचा विरोध होता: परक्या सरकारला आमच्या समाजात हात घालायचा अधिकार नाही, सुधारणा लोकशिक्षणाने आतून व्हावी. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. आता या दोघांना एका रेषेवर ठेवून दाखवा! सरकारशी झुंजण्याच्या मापाने टिळक जहाल आणि कायद्याच्याच बाजूचे समाजसुधारक रानडे मवाळ. घरातल्या बाईच्या जागेच्या मापाने ही रेष उलटी होते. दोन अक्ष लागतात हे कळायला मला कुठल्याच कंपासची गरज पडली नाही, टिळकांचा 'केसरी' आणि आगरकरांचा 'सुधारक' या दोन वृत्तपत्रांतला वाद पुरला.

आणि सर, 'समाज आतून बदलेपर्यंत थांबा' म्हणताना थांबायचं कोणी? बर्कची घडी ज्यांच्या अंगाखाली दबलेली असते त्यांना विचारून घातलेली नसते. त्या दहा वर्षांच्या मुलीला समाज तयार होईपर्यंत वेळ होता का? मी स्त्रीवादी आहे ती इथेच. राजकारण सभागृहात सुरू होतं असं बाकीच्या बहुतेक विचारसरणी धरून चालतात, आणि उंबऱ्याच्या आत जे चालतं त्याला खाजगी म्हणून सोडून देतात.

उदारमतवाद्यांनाही हे लागू आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये लिहिलं की दुसऱ्याला इजा होत नसेल तोवर माणसावर सक्ती करू नये. १८६७ मध्ये त्यांनी संसदेत बायकांच्या मताधिकारासाठी दुरुस्तीही मांडली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण १८५९ च्या त्याच लेखनात त्यांनी 'मागासलेल्या' समाजांना या तत्त्वातून वगळलं आणि स्वतः १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. स्वातंत्र्य म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, कोणाचं?

जुना_वाचक

अमलताश, उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. तुमचा 'थांबायचं कोणी' हा प्रश्न मला टाळता येत नाही. जिथे इजा शरीराला आणि अजाण जिवाला होते, तिथे कायदा हवा, समाज तयार असो वा नसो. 'शक्यतो नाही' मधला 'शक्यतो' मी इतका रुंद करतो. पण सज्ञान माणसं आपल्या मर्जीने जे पाळतात त्यात सरकारने शिरू नये, हे मी सोडणार नाही. मर्जी खरी की लादलेली, हे कचेरीतला माणूस कसा ठरवणार?

अमलताश

इथे आपलं खरंच जमत नाही सर. लादलेली मर्जी ओळखणं कठीण आहे, म्हणून ती मर्जीच समजायची हे मला मान्य नाही. पण तुम्ही जितकं मान्य केलंत तितकं करायलाही बऱ्याच जणांना जड जातं.

वेळूबन

सगळे एकतर सरकार म्हणताहेत नाहीतर बाजार. तिसरा पर्याय कोणी घेत नाही म्हणून लिहितो. मी स्वतःला अराजकतावादी म्हणायचो. आता तो शब्द वापरत नाही, कारण ऐकणाऱ्याला जाळपोळ दिसते. प्रूधाँ, क्रोपोट्किन यांना सत्ताहीन व्यवस्था हवी होती, गोंधळ नव्हे.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिनने लिहिलं की सामायिक कुरण असलं की प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडतो आणि कुरण उजाड होतं. त्यावरून बहुतेकांनी दोनच उपाय काढले: सरकारच्या ताब्यात द्या किंवा खाजगी मालकीचं करा. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईंनी प्रत्यक्ष चालणाऱ्या व्यवस्थांचे अभ्यास गोळा करून तपासले. स्वित्झर्लंडमधली डोंगरावरची कुरणं, जपानमधली गावाची रानं, स्पेनमधले पाण्याचे पाट. यांतल्या काही व्यवस्था शतकानुशतकं टिकल्या होत्या. नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, राखण त्यांचीच, पहिल्या चुकीला हलकी शिक्षा, पुढे वाढत जाणारी. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे डावं की उजवं? जुना_वाचक यांना यात परंपरा दिसेल, रानफूल यांना सामूहिक मालकी, नीलकंठी यांना सरकारशिवायची व्यवस्था. मी याच जागी उभा आहे. अडचण मला माहीत आहे: शंभर कुटुंबांचं जमतं, हवेचं आणि समुद्राचं काय? त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

पाणवठा

तिसरा_काठ, रेल्वेचं कारण विचारलं होतंत. बसून विचार केला. काही ठिकाणी जाणारी गाडी कायम तोट्यातच चालणार, तरी ती चालली पाहिजे, कारण तिथली माणसंही याच देशातली आहेत. आणि शस्त्रसज्जतेचं कारणही जवळपास हेच निघालं, कोणालाही एकटं पडू द्यायचं नाही. विवाहाचंसुद्धा. म्हणजे माझ्या मतांत धागा होता, मला तो दिसत नव्हता. कर कमी हवेत हे मात्र यात बसत नाही. ते फक्त माझ्या पहिल्या पगाराच्या पावतीवरून आलेलं होतं, आता त्यावर पुन्हा विचार करतोय.

रानफूल

पाणवठा, 'कोणालाही एकटं पडू द्यायचं नाही' याला जुना शब्द आहे, बंधुता. फ्रेंच घोषणेतलं तिसरं, सर्वांत कमी चर्चिलं गेलेलं. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता या तिन्हींना एकमेकांपासून तोडता येत नाही. समतेशिवाय स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांचं अनेकांवर वर्चस्व, स्वातंत्र्याशिवाय समता व्यक्तीचा पुढाकार मारते, आणि बंधुतेशिवाय दोन्ही आपोआप टिकत नाहीत, राबवायला शिपाई लागतो. मी स्वतःला समाजवादी म्हणते खरी, पण मनातून माझी जागा त्या एका परिच्छेदात आहे.

तिसरा_काठ

जागा बदलण्याबद्दलही बोलायला हवं. मत बदललं की आपण लगेच 'फिरला' म्हणतो. मिनू मसानी १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होते आणि १९५९ मध्ये खुल्या उद्योगाचा पुरस्कार करणाऱ्या स्वतंत्र पक्षाच्याही. मानवेंद्रनाथ रॉय सशस्त्र क्रांतिकारक होते, मग साम्यवादी झाले, १९२० मध्ये मॉस्कोत साम्यवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत लेनिनच्या प्रबंधाला पूरक प्रबंध मांडण्यापर्यंत पोचले, १९२९ मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेतून काढले गेले, आणि १९४८ मध्ये स्वतःचा पक्ष विसर्जित करून नवमानवतावादाकडे वळले. मला यांत संधिसाधूपणा दिसत नाही. रॉय यांना सुरुवातीपासून माणूस मोकळा हवा होता. त्याला बांधणारी साखळी कोणती, याचं उत्तर बदलत गेलं, शेवटी पक्षसुद्धा साखळी वाटू लागला.

तिसऱ्या प्रश्नाला मात्र कोणीच हात लावलेला नाही. तो मला सर्वांत अवघड वाटतो.

नीलकंठी

मी लावते. इतके दिवस लिहीत नव्हते, कारण उत्तर स्वतःलाच आवडत नव्हतं.

माझ्या पसंतीचा निर्णय न्यायालयाने रोखला असता तर मी काय म्हटलं असतं? प्रामाणिकपणे, 'निवडून न आलेल्या माणसांना काय अधिकार' असंच. आणि नावडता निर्णय रोखला असता तर 'संविधान वाचलं'. दोन्ही मी वेगवेगळ्या वेळी म्हटलेलं आहे, तारखेनिशी आठवतंय. सत्तेवर अंकुश हवा म्हणणारी मी, माझ्या बाजूच्या सत्तेवर तो नको होता.

चिलीत १९७३ नंतर पिनोशेच्या लष्करी राजवटीने बाजार खुला केला. माझ्या वैचारिक घराण्यातल्या काही मोठ्या माणसांनी त्या राजवटीबद्दल बऱ्यापैकी मऊ लिहिलं. मी ते वाचून पुढे गेले होते, कारण आकडे चांगले दिसत होते. रानफूलताईंनी बिस्मार्कबद्दल लिहिलं ना, विमा दिला आणि तोंड बंद केलं, ते वाचल्यावर चिली आठवलं. बाजार दिला आणि तोंड बंद केलं. त्यांना विमा आणि उघडं तोंड दोन्ही हवं होतं. मला बाजार आणि उघडं तोंड. पण दोन्ही मिळणार नसतील तर काय सोडेन?

बाजार सोडेन. हे लिहायला वेळ लागला. सात महिने त्या बाकड्यावर बसून मला राग आला, पण बाहेर येऊन मी त्याबद्दल ओरडू शकत होते, एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, ते छापलं गेलं, आठव्या महिन्यात सही झाली.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाला 'हो'. निर्णय माझ्या पसंतीचा असला तरी. पहिल्याला अजूनही 'थोडा वाटा'च, त्यावर रानफूलताईंशी माझं भांडण चालू राहील.

रानफूल

राहू दे चालू. उद्या रात्रपाळी आहे, परवा लिहिते. 'थोडा' म्हणजे किती, तिथून सुरू करू.